इंटरनेटवरचा प्रत्येक नंबर ज्याच्याकडून घ्यावा लागायचा, त्या जॉन पोस्टेलची गोष्ट

तुम्ही एखाद्या सरकारी वेबसाईटवर फॉर्म भरताय. नाव टाकलं, वय टाकलं, मोबाईल नंबर टाकला, सबमिट केलं. आणि स्क्रीनवर लाल अक्षरात येतं, माहिती अवैध आहे. तुम्ही पुन्हा बघता. सगळं बरोबर. पुन्हा सबमिट, पुन्हा तेच.

चूक तुमची नसते. चूक असते मधल्या बोलण्यात. तुम्हाला जे पान दिसतं त्याला म्हणतात फ्रंटएंड. ते तुमची माहिती गोळा करून पलीकडच्या सर्व्हरकडे, म्हणजे बॅकएंडकडे पाठवतं. या पाठवलेल्या माहितीच्या एकेका तुकड्याला म्हणतात पॅरामीटर. फ्रंटएंडने एका पद्धतीने पाठवलं आणि बॅकएंडने दुसऱ्या पद्धतीची अपेक्षा ठेवली, की विषय फिसकटतो.

साधं उदाहरण घ्या. तुम्ही वयाच्या रकान्यात मराठी कीबोर्डवरून २५ टाईप केलं. ब्राऊझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट हे देवनागरी आकडे संख्या म्हणून वाचत नाही. पण सर्व्हरवर पायथन असेल तर तीच दोन अक्षरं तो बिनतक्रार पंचवीस म्हणून वाचतो. माणूस तोच, आकडा तोच, पण एक बाजू म्हणते चालेल आणि दुसरी म्हणते चालणार नाही.

अशा वेळी नेमकं काय करायचं? अडून बसायचं, की समजून घ्यायचं?

या प्रश्नाला इंटरनेटच्या जगात एक प्रसिद्ध उत्तर आहे. ते उत्तर पोस्टेलचा नियम म्हणून ओळखलं जातं. आणि ज्याच्या नावाने तो ओळखला जातो, त्या माणसाची गोष्ट त्या नियमापेक्षाही भारी आहे.

एकाच हायस्कूलची तीन पोरं

जॉन पोस्टेलचा जन्म 6 ऑगस्ट 1943 चा, कॅलिफोर्नियातल्या अल्टाडीना गावचा. शाळा लॉस एंजेलिसमधली व्हॅन नाईस हायस्कूल. याच शाळेतून आणखी दोन पोरं पुढे आली. एक व्हिंट सर्फ, ज्यांना आज इंटरनेटचे जनक म्हणतात. आणि दुसरे स्टीव्ह क्रॉकर. तिघेही पुढे लॉस एंजेलिसच्या युसीएलए विद्यापीठात भेटले.

पोस्टेलने तिथूनच 1966 मध्ये इंजिनिअरिंगची पदवी घेतली, 1968 मध्ये मास्टर्स केलं आणि 1974 मध्ये पीएचडी. प्रबंधाचा विषय होता, कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या नियमांचं गणिती विश्लेषण. म्हणजे दोन मशीनच्या बोलण्यात अडकायला कुठे होतं, याचा अभ्यास हा माणूस विद्यार्थी असल्यापासून करत होता.

तेव्हा युसीएलएमध्ये लिओनार्ड क्लाईनरॉक यांच्या लॅबमध्ये आर्पानेटचं काम सुरू होतं. आर्पानेट म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर उभं राहिलेलं नेटवर्क, आजच्या इंटरनेटचा पूर्वज.

29 ऑक्टोबर 1969 ची रात्र. चार्ली क्लाईन नावाचा विद्यार्थी युसीएलएमधून साधारण 560 किलोमीटरवरच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या कॉम्प्युटरमध्ये लॉगिन करायला बसला होता. त्याने एल टाईप केलं, पोचलं. ओ टाईप केलं, पोचलं. जी टाईप केलं आणि पलीकडची सिस्टीम क्रॅश झाली.

आर्पानेटवरच्या पहिल्या संभाषणात पोचली फक्त दोन अक्षरं. पलीकडचा प्रोग्राम किती अक्षरं, किती वेगाने हाताळावी लागतील याचा एक अंदाज धरून लिहिला होता आणि तो अंदाज चुकला. तासाभरात दुरुस्ती झाली आणि पूर्ण लॉगिन पार पडलं. पण एक गोष्ट पहिल्याच रात्री कळून चुकली. तार जोडली म्हणजे बोलणं जमलं असं होत नाही. काय येणार, किती येणार, कशा स्वरूपात येणार, हे दोन्ही बाजूंनी आधी ठरवावं लागतं.

ठरवायचं कुणी?

हे ठरवण्याचं काम ज्यांच्याकडे आलं ते बहुतेक सगळे विद्यार्थी होते. वरून कुणीतरी मोठे शास्त्रज्ञ येतील आणि आपल्याला बाजूला करतील अशी भीती त्यांना होती. म्हणून स्टीव्ह क्रॉकरने एप्रिल 1969 मध्ये पहिलं टिपण लिहिलं तेव्हा त्याला नियम किंवा आदेश असं नाव दिलं नाही. नाव दिलं, रिक्वेस्ट फॉर कमेंट्स. म्हणजे आम्ही असं सुचवतोय, तुमचं मत कळवा. थोडक्यात आरएफसी.

या आरएफसींना क्रमांक देणं, तपासणं, चुका काढणं आणि जपून ठेवणं हे काम पोस्टेलकडे आलं. ते त्याने जवळपास 28 वर्षं, म्हणजे मरेपर्यंत केलं. दोन हजारांहून जास्त कागद त्याच्या नजरेखालून गेले. त्यातले 200 हून अधिक त्याने स्वतः किंवा इतरांसोबत लिहिले.

दुसरं काम त्याने स्वतःहून ओढवून घेतलं. एकाच कॉम्प्युटरवर ईमेल, फाईल ट्रान्सफर अशा अनेक सेवा चालतात. बाहेरून आलेली विनंती नेमकी कुठल्या सेवेसाठी आहे हे कळायला प्रत्येक सेवेला एक नंबर लागतो. एकाच इमारतीत वेगवेगळ्या फ्लॅटचे नंबर असतात तसं. प्रत्येकाने मनाला येईल तो नंबर घेतला तर गोंधळ ठरलेला. मे 1972 मध्ये पोस्टेलने एक छोटी आरएफसी लिहिली. हे नंबर वाटणारा कुणीतरी एक अधिकारी असावा असं सुचवलं आणि कंसात प्रश्नचिन्ह लावून स्वतःचंच नाव पुढे केलं. कुणी हरकत घेतली नाही.

आज तुम्ही एखादी वेबसाईट उघडता तेव्हा ब्राऊझर सर्व्हरच्या 443 नंबरच्या पोर्टवर जातो. जुन्या साध्या वेबसाईटसाठी हा नंबर 80 आहे, तर ईमेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जातो तो 25 वरून. हे नंबर ज्या याद्यांमधून जगभर गेले त्या याद्या पोस्टेल आणि त्याची सहकारी जॉयस रेनॉल्ड्स तयार करत होते. वेबचा 80 नंबर जुलै 1992 च्या यादीत आहे, तर 443 ऑक्टोबर 1994 च्या.

पुढे या कामाला आयाना असं भारदस्त नाव मिळालं. इंटरनेटचे नंबर वाटणारी संस्था. पण वर्षानुवर्षं आयाना म्हणजे एक इमारत किंवा मोठं ऑफिस नव्हतं. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये 1977 पासून बसणारा, लांब दाढी वाढवलेला, पायात सँडल घालून फिरणारा एक माणूस आणि त्याचे मोजके सहकारी, एवढीच ती संस्था होती.

तो नियम नेमका काय होता?

1980 च्या जानेवारीत पोस्टेलने इंटरनेटच्या दोन मुख्य प्रोटोकॉलचे मसुदे संपादित केले, आयपी आणि टीसीपी. आज तुमच्या मोबाईलमधून जाणारा व्हॉट्सॲप मेसेजही याच पायावर चालतो. त्या मसुद्यांमध्ये त्याने एक तत्त्व लिहून ठेवलं. त्याचा मतितार्थ असा, की पाठवताना काटेकोर राहा आणि स्वीकारताना उदार राहा.

यामागचा विचार व्यवहाराचा होता. तेव्हा वेगवेगळ्या विद्यापीठांत, वेगवेगळ्या मशीनवर, वेगवेगळी माणसं तोच नियम वाचून आपापला प्रोग्राम लिहीत होती. प्रत्येकाचं वाचन थोडं वेगळं होणारच. समोरच्याच्या बारीकसारीक चुकीवर प्रत्येक मशीन अडून बसलं असतं, तर नेटवर्क उभंच राहिलं नसतं.

पण या नियमाचा एक भाग लोक विसरतात. सप्टेंबर 1981 मध्ये आयपीचा जो पक्का मसुदा आला, त्यात उदारपणाला एक अट होती. तांत्रिक चूक असली तरी अर्थ स्पष्ट असेल, तरच स्वीकारा. म्हणजे काहीही आलं तरी चालवून घ्या, असं पोस्टेलने कधीच म्हटलं नव्हतं.

आणि हा माणूस फक्त उदार होता असंही नाही. वेळ आली की तो कडकही व्हायचा. आर्पानेटला जुन्या प्रोटोकॉलवरून टीसीपी-आयपीवर आणायचं ठरलं, तेव्हा बदलाचा आराखडा पोस्टेलने नोव्हेंबर 1981 मध्ये लिहिला. अंतिम तारीख होती 1 जानेवारी 1983. लोक नेहमीप्रमाणे ढकलत राहिले. मग 1982 च्या मध्याला सर्फ आणि पोस्टेल यांनी जुना प्रोटोकॉल पूर्ण एक दिवस बंद करून दाखवला. पुढे काही महिन्यांनी दोन दिवस बंद केला. ज्यांनी तयारी केली नव्हती त्यांचं नेटवर्क ठप्प झालं आणि सगळे झटकन कामाला लागले. ठरलेल्या दिवशी बदल पार पडला.

डॉट इन आणि मुंबई

सुरुवातीला नेटवर्कवरच्या सगळ्या कॉम्प्युटरची नावं एकाच फाईलमध्ये असायची. मशीन वाढली तशी ती फाईल आवरेना. पोस्टेलने आपला सहकारी पॉल मॉकापेट्रिस याला यावर मार्ग काढायला सांगितलं आणि 1983 मध्ये डोमेन नेम सिस्टीमचा, म्हणजे डीएनएसचा आराखडा आला. डॉट कॉम, डॉट ओआरजी, डॉट ईडीयू ही नावं 1984 मध्ये पोस्टेल आणि रेनॉल्ड्स यांच्या आरएफसीतून पक्की झाली.

मग प्रश्न आला देशांचा. कुठल्या देशाला कुठली दोन अक्षरं द्यायची? मुळात देश कुणाला म्हणायचं? यात पडलं की राजकारण आलंच. पोस्टेलने सरळ आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेने केलेली देशांच्या संक्षेपांची यादी उचलली. यादीत नाव आहे, तर डोमेन मिळेल. नाही, तर नाही. देश कोण हे ठरवायचं काम आयानाचं नाही, ही भूमिका त्याने 1994 मध्ये लेखी मांडली.

याच पद्धतीने 1989 मध्ये भारताला डॉट इन मिळालं. ते सांभाळायची जबाबदारी आली मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे, म्हणजे जुहूच्या एनसीएसटीकडे. 2005 च्या सुमारास हे काम निक्सी या संस्थेकडे जाईपर्यंत देशाच्या इंटरनेट नावांचा कारभार मुंबईतून चालला.

एका ईमेलने व्हाईट हाऊस हादरलं

90 च्या दशकात इंटरनेटमध्ये पैसा आला. अमेरिकन सरकारच्या करारातून डोमेन नोंदणीचं काम 1993 पासून नेटवर्क सोल्युशन्स नावाच्या खाजगी कंपनीकडे होतं. सप्टेंबर 1995 पासून या कंपनीने नोंदणीसाठी पैसे घ्यायला सुरुवात केली. दोन वर्षांचे 100 डॉलर. जे काम विद्यापीठातली माणसं सेवा म्हणून करत होती, त्याचा आता बाजार झाला होता. इंटरनेटचा मालक कोण, हा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला.

जगभरची डोमेन नावं शेवटी ज्यावर टेकलेली असतात त्यांना म्हणतात रूट सर्व्हर. तेव्हा ते 13 होते. त्यातला मुख्य सर्व्हर नेटवर्क सोल्युशन्सकडे होता आणि बाकीचे त्याच्याकडून यादी घ्यायचे.

28 जानेवारी 1998 ला पोस्टेलने आठ रूट सर्व्हरच्या चालकांना ईमेल केला. यापुढे मुख्य यादी नेटवर्क सोल्युशन्सकडून न घेता आयानाच्या सर्व्हरवरून घ्या, असं त्यात सांगितलं होतं. आठही जणांनी ऐकलं. कागदावर पोस्टेलकडे त्यांना आदेश देण्याचा कुठला कायदेशीर अधिकार होता हे कुणालाच नीट सांगता आलं नसतं. पण सांगणारा पोस्टेल होता, एवढं त्यांना पुरलं.

सामान्य माणसाला काहीच जाणवलं नाही. यादी तीच होती, फक्त येण्याचा रस्ता बदलला होता. पण वॉशिंग्टनमध्ये धावपळ उडाली. क्लिंटन सरकारमध्ये हा विषय बघणारे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी हस्तक्षेप केला. दोनच दिवसांनी सरकार इंटरनेटच्या कारभाराचा आपला प्रस्ताव जाहीर करणार होतं. आणि त्याआधी एका प्राध्यापकी वळणाच्या माणसाने निम्म्याहून जास्त रूट सर्व्हर आपल्याकडे वळवून दाखवले होते.

पोस्टेलने ही चाचणी होती असं सांगितलं आणि काही दिवसांत सगळं पूर्ववत केलं. ती खरंच चाचणी होती की सरकारला दिलेला इशारा, यावर आजही वाद होतात.

पण त्यातून एक गोष्ट सगळ्यांना दिसली. जगाचं इंटरनेट एका माणसाच्या शब्दावर चाललं होतं. तो माणूस प्रामाणिक होता म्हणून निभावलं. पुढचा तसा नसेल तर? त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी या कामासाठी आयकॅन ही संस्था स्थापन झाली. ती उभी करण्यासाठी स्वतः पोस्टेलच झटत होता.

आयकॅनचं काम नीट सुरू झालेलं बघणं मात्र त्याच्या नशिबात नव्हतं. हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली आणि 16 ऑक्टोबर 1998 ला लॉस एंजेलिसमध्ये त्याचं निधन झालं. वय फक्त 55. त्याचा शाळासोबती व्हिंट सर्फने त्याच्यावर श्रद्धांजली लिहिली आणि ती आरएफसी म्हणूनच प्रसिद्ध झाली, क्रमांक 2468. ज्याने आयुष्यभर इतरांच्या कागदांना क्रमांक दिले, त्याच्या आठवणीलाही क्रमांकच मिळाला.

त्याचा नियम आज चालतो का?

विषय इथे अवघड होतो. कारण पोस्टेलच्या नियमातला सोयीचा अर्धा भाग लोकांनी उचलला. स्वीकारताना सगळे उदार झाले आणि पाठवताना काटेकोर राहायचं विसरले.

एक नमुना बघा. वेबवरून विनंती जाताना एकाच नावाचा पॅरामीटर चुकून दोनदा गेला. समजा रक्कम आधी 100 आणि नंतर 500. बॅकएंड पीएचपीत असेल तर तो शेवटची म्हणजे 500 घेतो. जावाचा नेहमीचा सर्व्हर पहिली म्हणजे 100 घेतो. एएसपी डॉट नेट दोन्ही स्वल्पविरामाने जोडून देतं. तिघेही उदार आहेत, कुणीच तक्रार करत नाही. पण अर्थ तीन वेगळे. आणि तपासणारी यंत्रणा एक अर्थ घेत असेल, पैसे कापणारी दुसरा, तर त्या फटीतून चोर आत शिरतो.

दुसरा नमुना. मोबाईल नंबर +91 ने सुरू केला आणि फ्रंटएंडने तो जसाच्या तसा पत्त्याच्या ओळीतून पाठवला. तिथे अधिकच्या चिन्हाचा अर्थ मोकळी जागा असा घेतला जातो. बॅकएंडला अधिक चिन्ह दिसतच नाही. दोन्ही बाजूंचे डेव्हलपर आपापला कोड तपासतात आणि दोघांनाही आपलं बरोबरच वाटतं.

1989 च्या एका आरएफसीतच इशारा दिला होता, की नेटवर्कमध्ये मुद्दाम वाईट हेतूने पाठवणारेही आहेत असं धरून चाला. 2023 मध्ये तर इंटरनेटच्या तांत्रिक मंडळाने 9413 क्रमांकाची आरएफसी काढून या नियमाच्या आंधळ्या वापरावर टीका केली. चुका पचवत राहिलं तर त्या कधीच दुरुस्त होत नाहीत आणि हळूहळू चूक हाच नियम बनतो, हा त्यांचा मुद्दा. चूक दिसली की ती दाखवा आणि नियमच वेळोवेळी सुधारत राहा, असं आता सांगितलं जातं.

म्हणजे पोस्टेल चुकला का? तसंही नाही. तो जे करत होता त्याची पद्धत आजही तशीच वापरली जाते. फॉर्म अडला की जाणता डेव्हलपर अंदाज बांधत बसत नाही. ब्राऊझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा टॅब उघडून खरोखर काय बाहेर गेलं ते बघतो. मग सर्व्हरच्या लॉगमध्ये काय पोचलं ते बघतो. आणि दोन्ही एका लिखित कराराशी ताडून बघतो. पॅरामीटरचं नाव तेच आहे का, संख्या आहे की मजकूर, रिकामा चालतो का, खास चिन्हं नीट गुंडाळून पाठवलीत का. फरक ज्या बाजूला सापडेल तिथे दुरुस्ती. आणि बॅकएंडला नकार द्यायचाच असेल, तर नुसतं अवैध न म्हणता नेमका कुठला रकाना आणि का, हे सांगणं.

असा लिखित करार असावा, तो सगळ्यांना फुकट वाचता यावा आणि त्यावर कुणालाही मत देता यावं, याच कामात पोस्टेलची 28 वर्षं गेली.

त्याने यातून कंपनी काढली नाही. इंटरनेट सोसायटी 1999 पासून त्याच्या नावाने पुरस्कार देते आणि पहिला पुरस्कार त्यालाच मरणोत्तर देण्यात आला. त्याची आयाना आजही नंबर वाटते. 1 ऑक्टोबर 2016 ला तिच्यावरची अमेरिकन सरकारची देखरेखही संपली. एका माणसाच्या शब्दावर चालणारं काम आता नियम, समित्या आणि जाहीर चर्चांमधून चालतं. वेळ जास्त लागतो, वादही जास्त होतात. पण आता आठ रूट सर्व्हर वळवायला एक ईमेल पुरत नाही.